‘सुटका’ या शब्दाविषयी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत महिन्याभरापूर्वी किशोरवयीन मुलांसाठी लिहिलेल्या इंग्रजी कादंबऱ्यांवर एक लेख आला होता. भविष्यातली भयाण जगं रंगवणाऱ्या काही पुस्तकांची त्यात ओळख होती. लोइस लॉरी यांच्या ‘द गिव्हर’ला तीन ओळी मिळाल्या होत्या, आणि त्यांचा सारांश असा की ही जुलमी राजवटीविरुद्ध बंड करणाऱ्या मुलाची गोष्ट आहे. पुढच्या आठवड्यात एका वाचकांचं पत्र छापून आलं की असली काळोखी पुस्तकं बारा-चौदा वर्षांच्या मुलांच्या हातात देऊच नयेत. मला या दोघांशीही बोलायचं आहे.

मी समीक्षक नाही. परिचारिका होते. वय ६०, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. नोकरीची बहुतेक वर्षं लेबर रूममध्ये आणि नवजात बाळांच्या खोलीत गेली. इंग्रजी माझं केसपेपरपुरतं. ही कादंबरी मी मे महिन्याच्या सुट्टीत नातीबरोबर वाचली. ती आता नववीत जाईल. शाळेनं सुट्टीचा प्रकल्प म्हणून पुस्तक दिलं होतं. दुपारी जेवणं झाली की ती मोठ्यानं वाचायची आणि मला अडलं की मी थांबवायची. तेवीस प्रकरणांना आम्हाला सतरा दुपारी लागल्या.

आधी राजवटीबद्दल. या पुस्तकात शिपाई दिसत नाहीत, तुरुंग नाही, चौकात हुकूमशहाचा पुतळा नाही. कुणी उपाशी नाही. सकाळी घरोघर प्रत्येकानं रात्री पडलेलं स्वप्न सांगायचं, रात्री जेवणानंतर दिवसभराच्या भावना सांगायच्या आणि घरच्यांनी त्या समजून घ्यायच्या. चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या जाकिटांना बटणं पाठीमागे असतात, म्हणजे एकमेकांची लावून द्यावी लागतात आणि दुसऱ्यावर अवलंबून राहणं अंगवळणी पडतं. सातव्या वर्षी बटणं पुढे येतात. नवव्या वर्षी सायकल मिळते. बाराव्या वर्षी गावातली ज्येष्ठ मंडळी प्रत्येकाचा स्वभाव पाहून त्याला काम नेमून देतात. हे सगळं ऐकताना माझी नात म्हणाली, “आजी, छान आहे की गं!” मलाही छानच वाटलं होतं. एवढ्या प्रेमानं बटणांचा विचार करणाऱ्या गावाला जुलमी म्हणायचं कसं?

पहिल्याच पानांवर एक विमान चुकून वस्तीवरून जातं. शिकाऊ वैमानिकानं दिशा वाचण्यात चूक केलेली असते. ध्वनिक्षेपकावरून आश्वासन येतं की घाबरू नका, आणि अर्थातच त्याला ‘रिलीज’ करण्यात येईल. नातीनं विचारलं, “रिलीज म्हणजे नोकरीवरून काढणार का?” मी म्हटलं, “असेल. किंवा आपल्याकडे पेशंटला सुट्टी देतात तसं काहीतरी.” तो शब्द पुढे पानोपानी येत राहतो. म्हाताऱ्यांना रिलीज करतात, त्याचा समारंभ होतो, टाळ्या वाजतात. जुळी बाळं सारखी दिसणारी झाली तर एकाला करतात. तीनदा मोठा नियम मोडला तर करतात. ते कुठे जातात, तर ‘दुसरीकडे’. आम्ही दोघी निम्म्याहून जास्त पुस्तक हा शब्द निवांत ऐकत गेलो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी नात म्हणाली, “आजी, याला मराठीत काय म्हणायचं?” मी सहज म्हटलं, “सुटका.” आणि म्हटल्यावर गप्प झाले.

आमच्याकडे बाई बाळंत झाली की जुन्या बायका म्हणतात, सुखरूप सुटका झाली. मोकळी झाली. आणि अंथरुणाला खिळलेलं माणूस गेलं की त्याच बायका म्हणतात, सुटला बिचारा. लेबर रूमच्या बाहेर आणि शवागाराच्या बाहेर मी हा एकच शब्द आयुष्यभर ऐकला. त्यात खोटं काही नाही, दोन्हीकडे वेदना संपलेली असते. पण या कादंबरीतलं गाव त्याच शब्दावर उभं आहे, आणि तिथे तो खोटा आहे. माझ्या मते ही गोष्ट त्या शब्दाची आहे. बंड फार नंतर येतं, आणि आलं तरी एका बाराच वर्षांच्या मुलानं सायकल काढून रात्री घर सोडलं, एवढंच येतं.

जोनस हे त्या मुलाचं नाव. तो पहिल्याच वाक्यात घाबरलेला आहे, आणि लगेच विचार करू लागतो की आपण नेमके घाबरलो आहोत, की उत्सुक आहोत, की आपल्याला धास्ती वाटते आहे. कारण त्या गावात शब्द अचूक वापरण्याची सक्ती आहे. त्याचा मित्र अ‍ॅशर तीन वर्षांचा असताना खाऊ मागायला गेला आणि जीभ न वळल्यानं त्याच्या तोंडून ‘खाऊ’च्या जागी ‘फटका’ असा शब्द निघाला. इंग्रजीत त्या दोन शब्दांत एका अक्षराचा फरक आहे. दर वेळी त्यानं चुकीचा शब्द म्हटला की त्याला छडीचा फटका मिळायचा. शेवटी ते पोर काही काळ बोलायचंच थांबलं. हा किस्सा बाराव्या वर्षाच्या समारंभात व्यासपीठावरून कौतुकानं सांगितला जातो, सगळे हसतात, अ‍ॅशरही हसतो. आमच्या वाचनात नात इथे पहिल्यांदा चिडली. तीन वर्षांच्या मुलाची जीभ वळत नाही म्हणून त्याला मारायचं, आणि ‘रिलीज’ हा शब्द मात्र सगळ्या गावानं न विचारता वापरायचा! अचूक भाषेचा एवढा आग्रह धरणाऱ्या गावातला सगळ्यांत मोठा शब्दच चुकीचा आहे. ‘अ‍ॅशर: विनोदी, आनंदी स्वभावाचा मित्र’ असं स्वभावचित्र मुलं लिहितात. तो आनंदी कसा झाला, तेही लिहायला हवं.

तसाच प्रसंग प्रेमाचा. बाराव्या वर्षी जोनसला नेमून दिलेलं काम म्हणजे गावाच्या जुन्या आठवणी स्वतःकडे घेणं. गावाच्या साऱ्या आठवणी एकट्यानं सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याकडून, म्हणजे ‘देणाऱ्या’कडून, जोनसला एक आठवण मिळते. जुन्या काळातलं एक घर, सणाची संध्याकाळ, मेणबत्त्या, भेटवस्तू, आणि त्या घरात म्हातारी माणसंसुद्धा आहेत. जोनसला कळत नाही ती कोण. त्याला सांगावं लागतं की आईवडिलांनाही आईवडील असायचे. त्यांच्या गावात मुलं मोठी झाली की आईबापांपासून तुटतात, म्हातारी माणसं वेगळ्या इमारतीत राहतात. नात वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, “म्हणजे त्यांना आजी नसतेच?” त्या दिवशी आम्ही पुढे वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी वाचलं की जोनस घरी जाऊन आईबाबांना विचारतो, तुमचं माझ्यावर प्रेम आहे का? बाबा हसून म्हणतात, अरे, भाषा अचूक वापर. आई समजावते की हा शब्द फार ढोबळ आहे, आता त्याला अर्थच उरलेला नाही. तुझा आम्हाला आनंद वाटतो का, तुझ्या कामगिरीचा अभिमान वाटतो का, असं विचार. त्या रात्रीनंतर जोनस रोजची गोळी घेणं सोडतो. वयात येताना मनात उठणारी ओढ दाबायला गाव ती सगळ्यांना देतं.

आता त्या बाबांविषयी, कारण खरं तर त्यांच्यासाठीच मी हे पत्र लिहायला बसले.

जोनसचे वडील नवजात बाळांची देखभाल करतात. माझ्यासारखंच काम. स्वभावानं इतका गोड माणूस या पुस्तकात दुसरा नाही. एक बाळ नीट वाढत नाही, रात्री झोपत नाही, रडत राहतं. गावात वर्षाला पन्नास बाळं जन्मतात, त्यांना नाव मिळेपर्यंत नंबर असतात आणि या बाळाचा नंबर ३६. नामकरणाच्या आधी त्याचं नाव यादीत चोरून पाहायचं, नावानं हाक मारली तर कदाचित ते सुधारेल असं वाटून नियम मोडायचा, त्याच्यासाठी वर्षभराची मुदत मागून घ्यायची, त्याला रात्रीपुरतं घरी आणायचं, त्याला हसवायचं; हे सगळं हा बाप करतो. गॅब्रिएल असं त्या बाळाचं नाव. घरातल्या प्रत्येकाकडून लिहून घेतलेलं असतं की या बाळाचा लळा लावून घेणार नाही. मी हे ऐकताना मनात म्हटलं, हा माणूस मला वॉर्डात मिळाला असता तर किती बरं झालं असतं. बाळ रडतं तर रडू दे, अशी आमची शिकवण. रडणाऱ्या बाळाची भीती नसते, न रडणाऱ्याची असते.

मग जुळं जन्मतं. जोनसला विचारायची मुभा आहे. त्याच्या कामाच्या आठ नियमांतच लिहिलेलं आहे की तो कुणालाही काहीही विचारू शकतो. (आठवा नियम असा की तो खोटं बोलू शकतो. आणि तो वाचताच त्याच्या मनात येतं, हा नियम मोठ्या माणसांनाही बाराव्या वर्षी मिळाला असला तर? या पुस्तकातला हा सगळ्यांत भीतिदायक विचार आहे आणि तो अर्ध्या पानात येऊन जातो.) बाबा सकाळी सांगून गेलेले असतात की लहान बाळाला स्वच्छ करायचं, गुंडाळायचं, छोटासा समारंभ करायचा आणि टाटा करायचं. देणारा जोनसला त्या समारंभाचं चित्रण दाखवतो. बाबा दोन्ही बाळांचं वजन करतात. लहानाचं पाच पौंड दहा औंस. मोठ्याला पाठवून देतात. मग सिरिंज घेतात आणि लहानाच्या डोक्याला, कपाळाच्या शिरेत सुई घालतात. बाळ रडतं तेव्हा प्रेमानं त्याला सांगतात की दुखतंय मला माहीत आहे रे, पण तुझ्या हातातल्या शिरा अजून फार बारीक आहेत. बाळ हात-पाय हलवायचं थांबतं. ते त्याला खोक्यात ठेवतात, खोकं भिंतीतल्या झडपेतून खाली सोडतात आणि खेळकर आवाजात टाटा करतात.

नात रडली. माझं वेगळंच झालं. मी मनात हिशेब करत होते. पाच पौंड दहा औंस म्हणजे साधारण २ किलो ५५० ग्रॅम. आम्ही ज्याला कमी वजनाचं म्हणतो ते अडीच किलोच्या खालचं. म्हणजे त्या बाळाला तर काचेच्या पेटीचीही गरज नव्हती. आईच्या छातीशी दिलं असतं तर चौथ्या दिवशी घरी गेलं असतं. आणि डोक्यातली शीर! नवजात बाळाच्या हाताची शीर मिळत नाही तेव्हा आम्ही डोक्याची घेतो. कानशिलाच्या वर थोडे केस काढायचे, बोटानं चाचपायचं, अगदी बारीक सुई, श्वास रोखून. माझ्या हाताला ती शीर पहिल्या खेपेत मिळायची म्हणून रात्री-अपरात्री मला दुसऱ्या वॉर्डातून बोलावणं यायचं. किती पोरं त्या सुईवर जगली. त्या बाळाला सुई टोचताना बाबा जे बोलतात, तेच शब्द मी शेकडो वेळा बोलले आहे. दुखतंय रे राजा, झालं, झालं. तोच हात, तेच बोलणं, तीच माया, आणि सुईत औषध दुसरं. लेखिकेला हे कुणी सांगितलं असेल?

नातीनं मला त्या दिवशी विचारलं की मग बाबा वाईट आहेत का. तिच्या प्रकल्पात ‘नायक’, ‘साहाय्यक पात्रं’, ‘खलनायक’ असे रकाने आखून दिले होते. वर्गातल्या मैत्रिणींनी खलनायक म्हणून ज्येष्ठांच्या प्रमुख बाईचं नाव लिहिलं होतं. ती बाई तर पुस्तकात फक्त समारंभापुरती येते, आणि तेव्हाही जोनसची माफी मागते.

उत्तर देण्याआधी मला तिला एक गोष्ट सांगावी लागली. ती आपल्या वाचकांनाही सांगते.

‘द गिव्हर’ १९९३ साली प्रसिद्ध झालं. त्या साली मी २८ वर्षांची होते आणि एका खासगी प्रसूतिगृहात नोकरी करत होते. माझी मुलगी, म्हणजे या नातीची आई, सहा वर्षांची होती, पहिलीत. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, महाराष्ट्रानं केला होता. तेव्हा कुणी उघड काही बोलत नसे. सोनोग्राफी करून आलेल्या बाईच्या सासूला नुसतं म्हणायचं, पेढे वाटा. नाहीतर म्हणायचं, बर्फी. दोन मिठायांत सगळं कळायचं. बर्फी ऐकलेली बाई चार दिवसांनी पुन्हा यायची. आम्ही म्हणायचो, पिशवी साफ करायला आलीय. रजिस्टरमध्ये कारणाच्या रकान्यात लिहायचं, गर्भनिरोधक साधन अयशस्वी. ते माझ्या अक्षरात आहे. ट्रे मी लावायची. डॉक्टर चांगले होते. गरिबाचं बिल सोडायचे, रात्री दोनला हाक मारली तर चप्पल न घालता धावत यायचे, दिवाळीत आम्हा सगळ्यांना साड्या द्यायचे. मीही चांगली होते. बायकांच्या कपाळावरून हात फिरवायची.

गर्भपात हा बाईचा कायदेशीर हक्क आहे, १९७१ पासून आहे, आणि त्याच्या विरोधात मी एक अक्षरही लिहीत नाही. तो हक्क नसताना बायका कशा मरायच्या तेही मला माहीत आहे. मी बोलते आहे ते बर्फीबद्दल. त्या बायकांना कुणी विचारलेलं नसायचं. एकीची ही चौथी खेप होती. गुंगी उतरताना तिनं माझा हात धरून विचारलं, “सिस्टर, काय होतं?” मी म्हटलं, “काही नव्हतं. पिशवी साफ केली. आता झोपा.” ती झोपली. मी घरी जाऊन मुलीचा अभ्यास घेतला. जोनसच्या बाबांसारखाच मला त्या रात्री काहीही त्रास झाला नाही.

पुढच्या वर्षी, १९९४ मध्ये, या पुस्तकाला अमेरिकेतलं बालसाहित्याचं न्यूबेरी पदक मिळालं. त्याच वर्षी आपल्या संसदेनं गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशभराचा कायदा केला आणि तो १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. मी त्याच सुमारास ती नोकरी सोडून सरकारी रुग्णालयात लागले. सोडण्याचं कारण तत्त्वाचं नव्हतं, पगाराचं होतं, हेही नातीला सांगितलं. शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात २००१ साली ९१३ मुली होत्या, २०११ साली ८९४ उरल्या. ज्या वर्षी ती जनगणना झाली त्याच वर्षी ही नात जन्मली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आमच्या सातारा जिल्ह्यात ‘नकुशी’ नावाच्या अडीचशेहून अधिक मुलींना समारंभ करून नवी नावं दिली गेली. नंबर ३६ ला नाव दिलं तर तो जगेल, असं जोनसच्या बाबांना वाटलं होतं. ते वाचताना मला त्या मुली आठवल्या.

तर, बाबा वाईट आहेत का? पुस्तक याचं उत्तर देत नाही आणि मलाही ते एका शब्दात देता आलं नाही. त्यांना मरण म्हणजे काय ते ठाऊक नाही, कारण ती आठवणच गावात देणाऱ्याशिवाय कुणाकडे ठेवलेली नाही. तरीही मला त्यांना सोडून देता येत नाही. गॅब्रिएल बालकेंद्रात एक रात्र झोपला नाही, म्हणून त्याच्या सुटकेचं मतदान होतं, आणि बाबा घरी येऊन सांगतात की मीसुद्धा हो म्हणालो. वर्षभर ज्याला मांडीवर खेळवलं त्याच्यासाठी. काल जिवाभावाचं असलेलं बाळ आज यादीतलं नाव होतं आणि आवाजात फरक पडत नाही. माहीत नसणं वेगळं, आणि कधीच न विचारणं वेगळं. मला १९९३ मध्ये माहीत होतं. मी शब्द असा निवडला होता की विचारावं लागू नये.

फिओनाबद्दलही मुलं फार घाईनं लिहितात. ‘जोनसची मैत्रीण, लाल केसांची.’ बारा वर्षांची ही पोर म्हाताऱ्यांची सेवा करायला शिकते, त्यांना आंघोळ घालते, तिचा हात हळुवार आहे. देणारा जोनसला सांगतो की म्हाताऱ्यांची सुटका कशी करायची तेही ती शिकते आहे आणि त्यात ती चांगलीच तरबेज आहे. मी किती विद्यार्थिनींना हाताखाली शिकवलं. पहिल्या वर्षाच्या मुलीला जे दाखवाल ते ती शिकते, आणि ते नीट करता आलं की तिचा चेहरा फुलतो. फिओनाचं काय झालं असेल, हा प्रश्न मला जोनसचं काय झालं यापेक्षा जास्त छळतो.

रोझमेरीचं मात्र कुणी विसरू नये. जोनसच्या दहा वर्षं आधी तिला हेच काम मिळालं होतं. पाच आठवडे आठवणी घेतल्या, मग सुटका मागितली, आणि सुई दुसऱ्याला टोचू न देता स्वतः टोचून घेतली. तिचं नाव पुन्हा उच्चारायचं नाही असा गावाचा ठराव आहे. ती देणाऱ्याची मुलगी होती. जोनस पळून गेला की गावावर आठवणी कोसळतील, तेव्हा लोकांना सावरायला मी मागे राहतो, मग मला माझ्या मुलीजवळ जायचं आहे, असं तो म्हणतो. तो सगळ्यांना क्षमा करतो असं मला वाटत नाही. तो थांबतो, एवढंच.

लॉरीबाईंनी पदक स्वीकारतानाच्या भाषणात या पुस्तकाचा उगम सांगितला आहे. त्यांची थोरली बहीण हेलन तरुणपणी कर्करोगानं गेली. म्हातारपणी वडील वृद्धाश्रमात होते, स्मृती ढासळली होती. खोलीतल्या फोटोकडे बोट दाखवून ते म्हणाले, ही तुझी बहीण हेलन, पण हिचं नेमकं काय झालं ते मला आठवत नाही. सांगताना दुःख नव्हतं. दुःखाबरोबर मुलगीही गेली होती. त्याच भाषणात त्यांनी लहानपणचं टोकियो सांगितलं आहे. युद्धानंतर त्यांचं कुटुंब तिथे कुंपणाआडच्या अमेरिकन वसाहतीत राहत होतं. अकरा वर्षांची ही मुलगी सायकल घेऊन फाटकाबाहेर शिबुयाच्या गल्ल्यांत जायची. पुढे आईला विचारलं की आपण तिथे का राहायचो, तर आई म्हणाली, सोयीचं होतं, ओळखीचं होतं, सुरक्षित होतं. जोनसची सायकल मला तिथून आलेली दिसते. (२०१४ साली चित्रपट निघाला, त्यात मुलांची वयं वाढवली आहेत. तिथे ते तरुणाचं बंड होऊन बसतं आणि गोष्ट हलकी होते. बाराव्या वर्षी मूल बंड करत नाही, ते नुसतं विचारतं.)

आता ‘मुलांना देऊ नका’ म्हणणाऱ्या वाचकांना. अमेरिकेतही १९९०च्या दशकात ज्या पुस्तकांवर सर्वाधिक आक्षेप घेतले गेले त्यांत हे होतं. आपली काळजी मला कळते. माझी नात रडली, त्या रात्री माझ्या कुशीत झोपली. पण चौदा वर्षांच्या मुलीला बातम्यांतून, टीव्हीवरून, शेजारच्या बोलण्यातून जे कानावर पडतं त्यातलं काय कमी काळोखं आहे? फरक एवढाच की तिथे ते गोड शब्दांत गुंडाळून येतं. या पुस्तकानं तिला एका शब्दापाशी दोनशे पानं बसवलं. हल्ली ती घरात विचारत असते. टीव्हीवर ‘अतिक्रमण हटवलं’ आलं की विचारते, म्हणजे तिथे कोण राहत होतं? शेजारच्या काकूंना ‘समजावून’ माहेरी पाठवलं असं कुणी म्हणालं, तर म्हणते, समजावलं म्हणजे काय केलं? तिच्या आईला याचा कधीकधी त्रास होतो. मला होत नाही.

शिक्षकांना एक विनंती. नायक, खलनायक असे रकाने या पुस्तकासाठी आखू नका. मुलांना सांगा की ‘रिलीज’ हा शब्द आलेलं प्रत्येक वाक्य शोधून लिहून काढा, आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्या जागी खरा शब्द घाला. विसाव्या प्रकरणापर्यंत त्यांना दुसरं काही शिकवावं लागणार नाही.

शेवटाबद्दल आमचं भांडण झालं. जोनस गॅब्रिएलला छातीशी धरून बर्फातून टेकडी चढतो, माथ्यावर त्याला घसरगाडी मिळते, खाली दिवे दिसतात, गाणं ऐकू येतं, आणि पुस्तक संपतं. नात म्हणते पोचले. मी थंडीनं गारठलेली बाळं पाहिली आहेत. माणूस गारठून गेला की शेवटी त्याला ऊब वाटायला लागते, हे मला माहीत आहे, म्हणून मी काही बोलले नाही. पुढच्या पुस्तकांत दोघंही जिवंत आहेत, हे तिनं मला नंतर शोधून दाखवलं. मला बरं वाटलं, ते लपवत नाही.

१९९३ ची गोष्ट ऐकल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं विचारलं, त्या बाईनं हात धरला तेव्हा तू काय म्हणायला हवं होतंस? मी म्हटलं, “मुलगी होती, असं म्हणायला हवं होतं.” तिनं ते वहीत लिहून घेतलं. प्रकल्पातला खलनायकाचा रकाना तिनं कोरा ठेवला आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, कराड